खाणीच्या कड्यावरची देवी

आमच्या टेकडीला एकच उतार आहे. मरोळच्या बाजूने चढायला लागलं की आधी चाळी, मग करवंदीची झुडपं आणि वर देऊळ. देवळाच्या मागे थोडं पुढे गेलं की जमीन संपते. तिथून खाली सरळ तुटलेला काळा कडा आहे, कारण टेकडीची दुसरी बाजू दगडाच्या खाणीने खाल्ली. खाण माझ्या जन्माआधीच बंद पडली होती. आता त्या खड्ड्यात टेम्पो आणि पाण्याचे टँकर उभे राहतात.

देवीला चेहरा नाही. टेकडीच्याच खडकातून वर आलेला गुडघाभर उंचीचा गोल दगड, त्यावर पिढ्यान् पिढ्यांचा शेंदूर. आरेच्या पाड्यांवरचे वारली लोक तिला फार पूर्वीपासून पुजत आले. तेव्हा इथे ना दूध कॉलनी होती, ना कारखाने. ती त्यांची गावदेवी. पुजारीणही त्यांचीच. मंगळवारी आणि शुक्रवारी आरेतून कड्याच्या कडेकडेने येणाऱ्या पायवाटेने एक बारीक, ताठ म्हातारी यायची, दगड धुवायची, तेल-शेंदूर लावायची आणि कुणाशी फार न बोलता निघून जायची. आम्ही तिला पाड्यावरची आजी म्हणायचो. चैत्रात जत्रेला देवीला कोंबडं द्यायचं ते तिच्याच हाताने.

आम्ही कोकणातले. आजोबा गिरणीत, बाबाही गिरणीतच. गिरणी बंद झाल्यावर बाबा मरोळच्या एका कारखान्यात वॉचमन लागले आणि आम्ही या टेकडीवर खोली घेतली. इथली बिनचेहऱ्याची, कोंबडं घेणारी देवी पाहून बाबांना पहिल्यांदा या उपनगरात बरं वाटलं. "ही आमच्या राखणदाराची भैण असतली," ते म्हणायचे. त्यांची एक गोष्ट ठरलेली होती. खाणीवाल्याने देवीखाली सुरुंग लावला, पण तो उडालाच नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मग ठेकेदाराने नारळ फोडला, माफी मागितली आणि ती बाजू सोडून दिली.

समोरच्या खोलीतले काका ही गोष्ट ऐकली की हसायचे. काका बौद्ध. त्यांचे आईवडील दुष्काळात मराठवाड्यातून आले आणि याच खाणीत दगड फोडायला लागले. काका स्वतः पुढे बसवर ड्रायव्हर झाले. देवळात ते कधी गेले नाहीत, पण संध्याकाळी बाबांबरोबर पत्ते खेळल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही.

"सुरुंग उडाला होता रे," काका म्हणायचे. "चांगला उडाला. माझ्या बापाबरोबरची माणसं त्यात गेली. तुकडे पोत्यात भरून नेले. दुसऱ्या दिवशी एकाही मजुराने तिथं पहार लावली नाही. ठेकेदाराने मारलं, उपाशी ठेवलं, तरी नाही लावली. तुझी देवी माझ्या बापाने वाचवली."

"तेच्या मनात कोणी घातला ता?" बाबा विचारायचे.

"पोत्याने," काका म्हणायचे आणि पत्ते वाटायचे.

मी सहाएक वर्षांची असेन तेव्हाची एक जत्रा मला स्पष्ट आठवते. आजीने कोयता घेतला होता. कोंबड्याचे पाय धरायला बाबांनी माझ्या मोठ्या भावाला पुढे ढकललं. दादा तेव्हा शाळेत जाणारा, हडकुळा, मुंगीला ओलांडून जाणारा मुलगा. कोयता पडला आणि दादाच्या हातातून पाय सुटले. मुंडकं नसलेलं ते कोंबडं पायऱ्यांवरून फडफडत धावलं. आईच्या लुगड्यावर, माझ्या फ्रॉकवर, लोकांच्या तोंडावर रक्त उडालं. दादा तिथेच ओकला. लोक हसले. बाबांनी सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली अशी वाजवली, की तो पायऱ्यांवर आडवा झाला आणि त्याच्या कानातून रक्त आलं. त्या कानाने त्याला आजही कमी ऐकू येतं.

बाबांचा हात लवकर उठायचा. आईवर उठायचा, माझ्यावर कमी, दादावर सगळ्यात जास्त. पट्टा दाराच्या मागे लटकलेला असायचा. मार खाताना दादा ओरडायचा नाही. तो फक्त बाबांच्या तोंडाकडे बघत राहायचा, आणि त्याने बाबा अजून चिडायचे.

दादा मोठा झाला, त्याचे खांदे बाबांपेक्षा रुंद झाले आणि पट्टा आपोआप बंद झाला. तो घरं भाड्याने लावून द्यायचं काम करायला लागला. टेकडीखाली टॉवर उठले, तिथल्या लोकांशी त्याची ओळख वाढली. त्यातूनच देवळाचं नवीन मंडळ उभं राहिलं आणि दादा त्याचा पुढारी झाला. मंडळाला देवळात टाइल्स हव्या होत्या, दिवे हवे होते, सिंहावर बसलेली संगमरवरी मूर्ती हवी होती. कोंबडं बंद. दारूची धार बंद. हे सगळं ऐकताना मला त्यात फार वाईट काही वाटलं नाही. मी एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. रक्त मला रोज बघायला मिळतं, ते देवळात बघायची मला हौस नव्हती.

पण गाभारा लहान, आणि दगड बरोबर मधोमध. मूर्तीचा चौथरा बांधायचा तर दगड काढायला हवा होता.

"हलवू नका ना मग," मी दादाला म्हटलं. "बाजूला बसव मूर्ती."

"बाजूला? मुख्य देवी बाजूला बसवतात का गं?" दादा म्हणाला. "आणि तो दगड राहिला की कोयता राहिला. मला तो तिथे नकोय."

बाबांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माझ्या जिवंतपणी नाय."

मंडळाने दिवस निवडला तो सर्वपित्री अमावस्येचा. दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती, भटजी ठरलेले होते, मूर्ती फळ्यांच्या पेटीत वर पोहोचलेली होती. अमावस्येच्या सकाळी सगळी घरं पितरांच्या स्वयंपाकात अडकलेली असतात, हे दादाला बरोबर ठाऊक होतं.

आमच्याकडेही वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी झाली होती. बाबांनी आजोबांच्या नावाने पान वाढून पत्र्यावर ठेवलं आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिले. तेवढ्यात वरून ब्रेकरचा आवाज सुरू झाला. रस्ता फोडताना येतो तसाच, दात हलवणारा. खालच्या रस्त्याचं काम असेल असं मला आधी वाटलं. बाबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं.

"पितृपक्षात देवाक हात लावतत?" ते म्हणाले आणि अनवाणीच चढायला लागले.

त्यांची अँजिओप्लास्टी होऊन फार दिवस झाले नव्हते. आई ओरडली, "अगो, थांबव त्यांका!" मी चपला शोधेपर्यंत काका आपल्या दारातून बाहेर पडलेही होते. "तू घरी थांब, मी बघतो त्याला," ते मला म्हणाले. मी थांबले नाही. त्यांच्या मागोमाग चढले.

अर्ध्या वाटेत ब्रेकर बंद पडला. मग बाईचं ओरडणं ऐकू आलं. शब्द नव्हते त्यात. नुसतं ओरडणं.

वर गेल्यावर जे दिसलं ते सांगते. आजी दगडाला मिठी मारून पालथी पडली होती. ती अमावस्येचा दिवा लावायला आली होती आणि समोर हे. दगडाच्या बुडाशी ब्रेकरने भोक पाडलं होतं, पांढरी भुकटी तिच्या केसांत भरली होती. ब्रेकरवाला मजूर यंत्र टाकून बाहेर झाडाखाली जाऊन बसला होता, मानेनेच नाही नाही म्हणत. मंडळातले दोघे आजीला हातांना धरून खेचत होते. त्यांतल्या एकाच्या मनगटाला ती चावली. त्याने तिच्या पाठीत लाथ घातली. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या पाठीत. आतून पोकळ आवाज आला. दादा गाभाऱ्याच्या दारात पहार घेऊन उभा होता. त्याने लाथ घातली नाही, आणि अडवलीही नाही.

बाबांनी त्या माणसाची कॉलर धरून त्याला बाहेर फेकला. एवढी ताकद त्यांच्यात कुठून आली, देव जाणे.

"सोडा तिका!" बाबा धापा टाकत म्हणाले. "आणि तू, भायर हो."

"बाबा, तुम्ही खाली जा," दादा म्हणाला. "तुम्हाला झेपणार नाही हे."

"खयच्या तोंडान उद्या दिवो लावशीत?"

"दगड आहे तो, बाबा! दगड! त्याच्यासमोर तुम्ही काय काय केलंत, ते मला विचारा."

"दगड असा तर भियातंस कित्याक? चोरासारखो अमावस्येक इलंस तो?"

 बाबा पुढे झाले आणि त्यांनी त्याच्या तोंडात मारली. मंडळाच्या माणसांदेखत, जोरात. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

त्या हसण्याने घात केला, असं मला वाटतं. दादाचा चेहरा एकदम रिकामा झाला. त्याने पहार उचलली आणि बाबांच्या खांद्यावर घातली. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. असा आवाज मी कॅज्युअल्टीतही कधी ऐकला नव्हता, कारण आमच्याकडे माणसं हाडं मोडून झाल्यावर येतात. बाबा गुडघ्यावर बसले. दादाने पुन्हा उचलली. या वेळी काकांनी मध्ये हात घातला. पहार त्यांच्या बोटांवर पडली, तिथून घसरली आणि तिचं टोक बाबांच्या डाव्या डोळ्यात गेलं.

"दादा!" मी किंचाळले. मी त्याच्या पाठीवर झेप घेतली, त्याची मान आवळली. कुणीतरी माझे केस धरून मला मागे ओढलं आणि माझं डोकं घंटेच्या खांबावर आपटलं.

तोपर्यंत आजीचं ओरडणं पाड्यावर पोहोचलं होतं. आरेच्या बाजूने तिचा मुलगा आणि त्याचे भाऊबंद काठ्या घेऊन पळत आले. त्यांनी आजीला पाहिलं आणि विचारपूस न करता सुरुवात केली. मंडळवाल्यांनी टाइल्सचे खोके फोडले आणि टाइल्स फेकायला लागले. एका टाइलने पाड्यावरच्या एकाचा गाल दातांपर्यंत फाटला. एका मंडळवाल्याला खाली पाडून तिघांनी तुडवला. माणसं एकमेकांच्या छातीवर बसून मारत होती, आणि मारताना दोन्ही बाजू देवीचंच नाव घेत होत्या. मी बाबांना ओढत भिंतीशी नेलं, माझी ओढणी त्यांच्या डोळ्यावर दाबून धरली. काका माझ्या शेजारी बसले होते, आपल्या वाकड्या झालेल्या बोटांकडे बघत. "गाडी गेली आता," ते पुटपुटले. रिटायर झाल्यावरही ते कधीमधी लग्नाच्या बसवर जायचे.

मूर्तीची पेटी कड्याच्या बाजूला ठेवलेली होती. झटापटीत चारपाच जण तिच्यावर जाऊन आदळले. पेटी सरकली. कुणीतरी "अरे पेटी! पेटी!" म्हणून ओरडलं. दोघांनी हात पुढे केले, त्यांतला एक मंडळाचा होता आणि एक पाड्यावरचा. पण ती गेली.

खाली पोहोचायला तिला वेळ लागला. मग फळ्या फुटल्याचा आणि त्यामागून दगड फुटल्याचा आवाज आला. खड्ड्यात कुणीतरी शिवी हासडली.

भांडण तिथेच थांबलं. जो तो होता तिथे उभा राहिला. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झालेली नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी अमावस्येला देवी फुटली होती, आणि ज्या हातांनी इतका वेळ माणसं फोडली ते हात आता जोडले गेले होते. मंडळाचा एक गडी आडवा पडून रडायला लागला. दादाने पहार खाली टाकली. त्याने बाबांकडे पाहिलं, जवळ यायला एक पाऊल टाकलं. मी म्हटलं, "येऊ नकोस." तो पायऱ्यांवर जाऊन बसला आणि पोलीस येईपर्यंत तिथून हलला नाही.

आजी कशीबशी उठून बसली. तिचा एक हात लोंबत होता. दगडावर बाबांचं रक्त उडालं होतं, काकांचंही असेल. शेंदरावर ते वेगळं ओळखू येत होतं. तिने ते बोटाने पुसून पाहिलं आणि तिचा राग नव्याने भडकला.

"माणसाचं नाही घेत ती!" ती आम्हा सगळ्यांवर ओरडली. "कधीच नाही घेतलं. कुणी सांगितलं तुम्हाला? पाणी आणा!"

कुणी हललं नाही. मग मीच पिंपातून कळशी भरून आणली. ती एका हाताने दगड धूत राहिली आणि तोंडाने शिव्या देत राहिली. दादाला, मंडळाला, तिच्या मुलाला, बाबांनाही. पाणी गुलाबी व्हायचं थांबलं तेव्हाच ती थांबली.

बाबांचा डोळा गेला. खांद्यात धातूची पट्टी बसवावी लागली. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा ते शुद्धीवर होते आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मी पडलंय. दगडावरसून घसरलंय."

काका शेजारच्या वॉर्डात होते. त्यांना हे कळलं तेव्हा ते हाताला प्लास्टर घालून बाबांच्या खाटेशी आले.

"तू घसरलास, आणि मी? माझी बोटं पण घसरली?"

"पोरगो असा माझो," बाबा म्हणाले.

"तुझा पोरगा आहे म्हणून ती म्हातारी लाथ खाणार? मी खरं तेच सांगणार."

"तुझा काय जाता? देव तुझो नाय, पोर तुझा नाय."

काका दाराकडे वळले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मी तर देवळात कधी आलोच नव्हतो. त्या दिवशी पहिल्यांदा आलो." ते गेले आणि त्यांनी जबाब दिला. पोलिसाने त्यांनाच विचारलं होतं म्हणे, की तुम्ही तिथे कशाला गेला होतात.

मीही जबाब दिला. घसरून पडलेल्या माणसाचं हाड असं मोडत नाही, हे मला ठाऊक होतं आणि ते मी लिहून सही केली. आई माझ्याशी बोलायची बंद झाली. दादाला अटक झाली, काही आठवड्यांनी जामीन मिळाला, पण तो टेकडीवर परत आला नाही. बाबांनी काकांशी पत्ते खेळणं सोडलं. दोन्ही खोल्यांची दारं समोरासमोर, आणि मधल्या पॅसेजमधून दोघे एकमेकांना न बघता जायचे. एक वर्ष नाही, बरीच वर्षं.

मंडळाने खाली टॉवरच्या आवारात नवं देऊळ बांधलं, तिथे दुसरी मूर्ती बसली. तिथली आरती स्पीकरवरून वर आमच्यापर्यंत ऐकू येते. वरच्या दगडाचं भोक पाड्यावरच्या लोकांनी शेंदराने भरलं. आजीचा खांदा पूर्ण बरा झाला नाही. आता तिची सून येते. कोंबडं अजून देतात, पण देवळाच्या मागे, गुपचूप.

केस अंधेरीच्या कोर्टात चालू आहे. मागच्या तारखेला बाबांची साक्ष होती. म्हातारे, एक डोळा बंद, आवाज बारीक. त्यांनी तेच सांगितलं, "साहेब, मी पडलो." सरकारी वकिलाने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

आरोपीच्या जागेवरून दादा म्हणाला, "मी मारलं."

त्याच्या वकिलाने त्याची बाही ओढली. दादाने हात झटकला. "पहारीने मारलं साहेब. खोटं बोलतायत ते."

कोर्टात गडबड उडाली. न्यायाधीशांनी दादाला गप्प बसवलं, वकिलाला झापलं आणि पुढची तारीख दिली. बाहेर पॅसेजमध्ये बाबा म्हणाले, "माका खोटो पाडलान. सगळ्यांसमोर." मला वाटलं ते रडतील. ते रडले नाहीत, नुसते भिंतीला धरून उभे राहिले. दादा पलीकडच्या जिन्यापाशी वकिलाच्या शिव्या खात होता. तो आमच्याकडे आला नाही आणि आम्हीही गेलो नाही.

बसमध्ये मी बाबांना खिडकीशी बसवलं. मरोळ नाका आला. मग बाहेर बघतच त्यांनी विचारलं, "खय रवता तो आता?"

"नालासोपाऱ्याला. भाड्याने."

"पाणी येता थंय?"

"सकाळी येतं थोडं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. बस थांबली तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही उतरलो.